ओटीच्या दाराबाहेर बेवारस होणारी गाठ

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होतात त्या रुग्णालयांचे व्यवस्थापक, सर्जन मंडळी आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) इन्चार्ज सिस्टर

विषय : काढलेल्या गाठीचा पहिला तास

सप्रेम नमस्कार.

कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करणाऱ्यांची या शहरात वानवा नाही. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, मोठ्या रुग्णालयांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. डीएनए वाचणारं यंत्र पुण्यात नसेल तर मुंबईत, नाहीतर बंगळुरूत आहे. पैसे भरले की काम होतं. अडतं ते त्याच्या कितीतरी आधी. ज्या तुकड्यातला डीएनए वाचायचा, तो तुकडाच बिघडून आलेला असतो. यंत्र त्याचाही अहवाल देतं, आणि तो दिसायला इतर अहवालांसारखाच नीटनेटका असतो.

तुकडा बिघडतो तो बहुतेक वेळा निष्काळजीपणाने नाही. टेबलावर असेपर्यंत गाठ सर्जनची असते. प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली की ती पॅथॉलॉजिस्टची होते. मधल्या वेळात ती कुणाचीच नसते. सिस्टर पुढच्या केसची ट्रॉली लावत असतात, वॉर्डबॉय रक्ताच्या पिशव्या आणायला गेलेला असतो, आणि गाठ स्टीलच्या ट्रेमध्ये ओल्या मॉपखाली, म्हणजे गॉझच्या घडीखाली, पडून राहते. म्हणून हे पत्र पॅथॉलॉजीच्या परिषदेत वाचण्याऐवजी तुम्हाला लिहीत आहोत.

या मधल्या वेळात आत काय चालतं ते आधी सांगतो. रक्तवाहिनी बांधली की गाठ लगेच मरत नाही, ती गुदमरते. पेशी जिवंत असतात, ऊब असते, फक्त प्राणवायू आणि साखर येणं बंद झालेलं असतं. अशा वेळी पेशी जे करतात ते सगळं आपल्या तपासणीत उतरतं. हिफ-१ अल्फा नावाचं प्रथिन घ्या. पेशी ते सतत बनवते आणि प्राणवायू असेल तर काही मिनिटांत मोडून टाकते. प्राणवायू संपला की ते साठत जातं. (पेशी प्राणवायूचा अंदाज कसा घेतात हे उलगडण्याबद्दलच २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.) आता एखादी विद्यार्थिनी तोंडाच्या गाठींमध्ये प्राणवायूची टंचाई किती, हे मोजायला बसली आणि अर्ध्या गाठी ट्रेमध्ये दोन तास पडलेल्या असल्या, तर ती रुग्णाची गाठ मोजत नसून ओटीतला उशीर मोजते आहे. तिला हे कळायला मार्ग नाही, कारण उशीर कुठेच लिहिलेला नाही.

ईआरके, एकेटी ही पेशीला वाढीचा निरोप पोचवणारी प्रथिनं चालू आहेत की बंद, हे त्यांच्यावर चिकटलेल्या फॉस्फेटवरून कळतं. ते फॉस्फेट काही मिनिटांत गळायला लागतं. आरएनए त्यानंतर, पेशीतल्याच एन्झाइम्सच्या तोंडी पडून तुटतो. डीएनए त्या मानाने चिवट. म्हणजे एकाच गाठीतली माहिती वेगवेगळ्या वेगाने नासते, आणि म्हणून नंतर ‘सगळ्यांना सारखाच उशीर झाला होता’ असं म्हणून हिशेब जुळवता येत नाही.

हा फक्त संशोधनाचा प्रश्न असता तर आम्ही इतका आवाज केला नसता. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (पेशीवर संप्रेरकं जिथे चिकटतात ती प्रथिनं) आणि हर-टू (वाढीचा निरोप घेणारं प्रथिन) या तीन तपासण्यांवर औषध ठरतं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : गाठ शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मलिन या गाठ टिकवणाऱ्या द्रावणात पडेपर्यंत जास्तीत जास्त १ तास, आणि फॉर्मलिनमध्ये कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. या चौकटीबाहेर गेलेल्या गाठीत ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मग ज्या बाईंना टॅमॉक्सिफेनसारख्या, ईआर असेल तरच देतात त्या जुन्या, स्वस्त गोळीचा उपयोग झाला असता, त्यांच्या कागदावर ती गोळी येतच नाही.

आता फॉर्मलिनबद्दल. इथे सगळ्यात जास्त गफलती होतात, कारण नावातच घोळ आहे. बाजारात कॅनमध्ये मिळतं ते ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. ‘१० टक्के फॉर्मलिन’ म्हणजे या कॅनमधला १ भाग आणि ९ भाग पाणी. त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असतं, आणि तेवढंच हवं असतं. काही ठिकाणी कुणीतरी ‘४० टक्क्यांचं १० टक्के करायचं’ असं गणित मांडून १ ला ३ भाग पाणी घालतं. असं तीव्र द्रावण गाठीचा वरचा थर पटकन कडक करतं आणि आत जायची वाट स्वतःच अडवून बसतं.

दुसरी गफलत म्हणजे नळाचं पाणी घालून केलेलं साधं फॉर्मलिन. ते ठेवल्या ठेवल्या हळूहळू फॉर्मिक ॲसिडकडे झुकतं. आम्लात डीएनए तुटतो आणि स्लाइडवर रक्ताच्या जागी तपकिरी-काळे कण दिसतात. उपाय महाग नाही. १ लिटरसाठी डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, कॅनमधलं फॉर्मलिन १०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७च्या आसपास येतो. पट्टी बुडवून बघा. कॅनवर बनवल्याची तारीख लिहा. आधीच्या गाठीचं उरलेलं फॉर्मलिन पुढच्या बरणीत ओतायची काटकसर कृपा करून थांबवा. ते निवळ दिसलं तरी त्यातलं काम करणारं रसायन कमी झालेलं असतं, आणि आधीच्या गाठीच्या चार पेशी तरंगत असल्या तर त्या पुढच्या रुग्णाच्या स्लाइडवर जाऊन बसतात.

गाठीच्या किमान १० पट फॉर्मलिन हवं. २०० ग्रॅमच्या नमुन्याला २ लिटर. प्रत्यक्षात येतं ते असं : बरणीत कोंबलेला स्तन आणि कडेने जेमतेम दोन बोटं पाणी. त्यातून बरणीचं तोंड अरुंद असेल तर आणखी तमाशा. आत जाताना गाठ मऊ असते, बाहेर येताना लाकूड झालेली असते. मग ती ओढून काढताना मार्जिन (सर्जनने कापलेली बाहेरची कड) फाटतं, किंवा बरणीच कापावी लागते. रुंद तोंडाचे, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे तीन मापांत घेऊन ठेवा. एवढी खरेदी एका दुपारची आहे.

फॉर्मलिन सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर आत शिरतं आणि खोल जाताना मंदावतं. ढोबळ नियम असा की दुप्पट खोलीसाठी चौपट वेळ. ८ सेंटिमीटरची अख्खी गाठ रात्रभर बुडवून ठेवली तर सकाळी ती वरून पक्की आणि मधोमध कच्ची असते, घाईत भाजलेल्या जाड भाकरीसारखी. मधला भाग फॉर्मलिनची वाट बघत सडत असतो. म्हणून गाठ त्याच दिवशी ५ ते १० मिलिमीटरच्या कापांमध्ये उघडायला हवी आणि कापांच्या मध्ये गॉझ सरकवायला हवा, म्हणजे द्रव सगळीकडे पोचतो. ‘आम्ही कापली तर मार्जिन कळणार नाही’ ही सर्जनची तक्रार रास्त आहे. त्यावर तोड आहे : आखूड धागा वरच्या बाजूला, लांब धागा बाहेरच्या बाजूला, ही खूण ठरवून घ्या, पॅथॉलॉजिस्टला आधी फोन करा, तोच येऊन बाहेरून शाई लावून मागच्या बाजूने उभा छेद घेईल. पॅथॉलॉजिस्ट त्या इमारतीत नसेल, तर हे काम कोण करणार ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ठरलेलं असावं.

फॉर्मलिन हाताशी नसेल तर? अनेकदा ट्रेवर सलाईन ओतून ठेवतात. सलाईनने गाठ ओली राहते, टिकत नाही. तासाभराने पेशी फुगलेल्या सापडतात. त्यापेक्षा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर, बर्फ थेट लागणार नाही अशी, ठेवा. फ्रीज चालेल, ४ अंशांचा. फ्रीझर अजिबात नको. हळू गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात आणि वितळताना पेशी चाळणीसारखी होते. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर तर बर्फ साचू नये म्हणून स्वतःच अधूनमधून गरम होतो.

७२ तासांची मर्यादा पुण्याच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. शुक्रवारी दुपारी ४ वाजता गाठ फॉर्मलिनमध्ये गेली. शनिवारी अर्धा दिवस, रविवार बंद, सोमवारी सुट्टी. मंगळवारी सकाळी १० वाजता डबा उघडला तर ९० तास झाले. विसर्जनाच्या आसपास रस्ते बंद असतात तेव्हा हे हमखास होतं. उलट बाजूने घाईही नडते. सुईने घेतलेली बारीक बायोप्सी तासाभरात तुकड्यातलं पाणी काढून मेण भरणाऱ्या मशीनला लावली तर फॉर्मलिन पोचलेलं असतं, पण त्याने प्रथिनं बांधलेली नसतात. पोचायला तास पुरतो, बांधायला सहा लागतात. उरलेलं काम मशीनमधलं अल्कोहोल उरकतं, आणि तपासणीचा रंग ठिगळं लावल्यासारखा येतो.

जास्त वेळ ठेवल्याने काय होतं, हे एका बदलावरून दाखवतो. फॉर्मलिन डीएनएला आजूबाजूच्या प्रथिनांशी जखडतं आणि त्याचे लहान लहान तुकडे करतं. शिवाय डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराचा अमिनो गट गळतो, तिथे युरॅसिल होतं, आणि यंत्र त्या जागी थायमिन वाचतं. सी होता तिथे टी. आता फुप्फुसाच्या कर्करोगातलं ईजीएफआर जनुक पाहा. औषधाला दाद न देणारा टी७९०एम नावाचा बदल नेमका असाच आहे : २३६९ क्रमांकावर सीच्या जागी टी. म्हणजे जुन्या, फार मुरलेल्या ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यात) रुग्णात नसलेला टी७९०एम दिसू शकतो, आणि त्यावरून औषध बदलण्याचा विचार सुरू होऊ शकतो. युरॅसिल कापून टाकणारं एन्झाइम घालून असे बरेच खोटे बदल काढता येतात. पण ज्या सायटोसिनवर मिथाइल गट असतो ते गळलं की सरळ थायमिनच होतं. ते या एन्झाइमला ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत जे धुऊन निघत नाही ते आधीच लागू न देणं एवढाच मार्ग उरतो.

संशोधनात याची किंमत आणखी वेगळी असते. धूम्रपानाने झालेल्या बदलांचा ठसा मुख्यतः सीच्या जागी ए असा असतो. वयानुसार साठणारे बदल सीच्या जागी टी. पेशीतलीच एपोबेक एन्झाइमं सीच्या जागी टी आणि जी दोन्ही करतात. तंबाखू चघळणाऱ्याच्या गालात यातलं नेमकं कोण काम करून गेलं, हा आपल्याकडचा मोलाचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात भारताने गाल आणि हिरडीचाच कर्करोग घेतला होता. २०१३ साली आलेल्या निष्कर्षांत टीपी५३, कॅस्प८, फॅट१, एचरास, नॉच१ यांच्या जोडीला यूएसपी९एक्स, अरिड२ अशी जनुकांची नावं निघाली. पुढचं काम अशाच गाठींवर व्हायचं आहे, आणि त्या गाठी तुमच्या ओटीत निघतात. फॉर्मलिनने घातलेले सीचे टी त्यात मिसळले तर आपण मिश्री-तंबाखूचा ठसा शोधताना बरणीचाच ठसा वाचत बसू.

तोंडाच्या कर्करोगात आणखी एक खड्डा आहे : जबड्याचं हाड. हाड कापता यावं म्हणून ते आम्लात मऊ करतात, याला डीकॅल म्हणतात. हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक ॲसिडमध्ये दोन दिवस राहिलेल्या तुकड्यातून डीएनए निघतो तो भुगा, आणि हर-टूची फिशसारखी (जनुकाच्या प्रती मोजणारी) तपासणी हुकते. ईडीटीए या सौम्य रसायनात डीएनए टिकतो, पण जाड हाडाला आठवडेही लागतात. सोपा रस्ता असा : हाड आम्लात टाकण्याआधी गाठीच्या मऊ भागाचे दोन तुकडे बाजूला काढून वेगळे ब्लॉक करा आणि अर्जावर ‘डीकॅल नाही’ असं लिहा. हे केलेलं नसल्यामुळे अख्ख्या केसमध्ये जनुकीय तपासणीला एकही ब्लॉक उरत नाही, असं वरचेवर होतं.

गोठवून ठेवायच्या तुकड्याचं तंत्र वेगळं. निदानाला पुरेल एवढा भाग पॅथॉलॉजिस्टने आधी घ्यायचा. संशोधनाचा हक्क त्यानंतर. गाठ २ सेंटिमीटरहून लहान असेल तर बहुतेक वेळा काहीच मागू नये, हे आमचंही मत. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. तो सरळ द्रव नायट्रोजनमध्ये टाकला की भोवती वाफेची गादी तयार होते (तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसंच), आणि उणे १९६ अंश असूनही तुकडा हळू गोठतो. म्हणून नायट्रोजनमध्ये बुडवून थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो गोठवतात. नायट्रोजन ठेवायची सोय नसलेल्या रुग्णालयाला आरएनए टिकवणारं खारं द्रावण पुरतं : तुकड्याच्या ५ ते १० पट, रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८० अंशांवर. जिवंत पेशी वाढवायच्या असतील तर यातलं काहीच नको. थंड कल्चर मीडियम, त्यात पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि बुरशीसाठी अँफोटेरिसिन बी, आणि डबा बर्फाच्या शेजारी. तोंडातली गाठ जंतूंसकट येते. हे तीन घटक नसले तर दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये गढूळ पाणी असतं.

सोबत रक्ताची एक नळी घ्याच. गाठीतला बदल गाठीचाच की जन्मजात, हे ताडायला रुग्णाचा निरोगी डीएनए लागतो, आणि तंबाखू खाणाऱ्याच्या गालाचं शेजारचं आतलं अस्तर निरोगी धरता येत नाही. नळी जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) अडवतं. रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए शोधायचा असेल तर नळी २ ते ४ तासांत फिरवून प्लाझ्मा वेगळा करायला हवा. नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या लोंढ्यात गाठीचा डीएनए हरवतो.

संमतीबद्दल थोडक्यात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं जैविक नमुन्यांबद्दल पुरेशी स्पष्ट आहेत. संमतिपत्र मराठीत असावं, त्यात ‘फक्त या संशोधनासाठी’, ‘पुढच्या संशोधनासाठीही’ आणि ‘नंतर संपर्क करायला हरकत नाही’ असे वेगवेगळे चौकोन असावेत, आणि सही आदल्या संध्याकाळी व्हावी. ट्रॉलीवर गाऊन घालून झोपलेल्या माणसाने केलेली सही आम्हाला संशोधनासाठी नको.

आता मागण्या. प्रत्येक ओटीत, प्रत्येक पाळीत, गाठीची जबाबदारी असलेल्या एका माणसाचं नाव फळ्यावर असावं. सिस्टर, तंत्रज्ञ, रेसिडेंट, कुणीही चालेल. ‘कुणीतरी’ चालणार नाही. पॅथॉलॉजीच्या अर्जावर तीन रकाने छापून घ्या : रक्तवाहिनी बांधल्याची वेळ, गाठ बाहेर आल्याची वेळ, फॉर्मलिनमध्ये पडल्याची वेळ. वेळ भिंतीवरच्या एकाच घड्याळाची, कारण ओटीचं आणि प्रयोगशाळेचं घड्याळ दहा मिनिटांनी पुढेमागे असल्याचं अनेकदा आढळतं. उशीर झाला तर तो खरा लिहा. ९५ मिनिटं लिहिलेली गाठ आमच्या कामाची आहे, तिच्यावर काय करायचं आणि काय टाळायचं ते ठरवता येतं. रिकामा रकाना असलेली नाही.

आणि डबा नातेवाइकांच्या हातात देणं बंद करा. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर थांबलेल्या मुलाला कॅरीबॅग देऊन ‘हे अमुक लॅबमध्ये नेऊन द्या’ सांगण्याची पद्धत लहान रुग्णालयांत सर्रास आहे. तो बिचारा आधी डॉक्टरांना भेटणार, मग औषधं आणणार, घरी फोन करणार, मग हडपसरहून मे महिन्याच्या उन्हात डिकीत डबा टाकून पेठेत येणार. डब्यात फॉर्मलिन नसेल तर त्या प्रवासात सगळं संपतं. असेल तर ते सांडतं. रक्ताचे नमुने रोज गोळा करत फिरणारी माणसं सगळ्या लॅबकडे आहेत. त्यांच्या फेरीत गाठीचा डबा बसवणं हा एका फोनचा प्रश्न आहे. तो फोन रुग्णालयाने करायचा.

फॉर्मलिन बनवणं, डब्यांची मापं, शाई आणि धाग्यांच्या खुणा हे दाखवायला आम्ही कुठल्याही रुग्णालयात यायला तयार आहोत. दोन तास पुरतात. पाळी बदलायच्या वेळी बोलवा, म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर आणि मामा-मावशी सगळे सापडतील. डबा शेवटी तेच उचलतात.

आपले,
पुण्यातील काही पॅथॉलॉजिस्ट, हिस्टोलॉजी तंत्रज्ञ आणि कर्करोग संशोधक

ता. क. : लेबल डब्यावर लावा, झाकणावर नको. ग्रॉसिंगच्या, म्हणजे गाठ कापून पाहण्याच्या, टेबलावर चार डबे एकदम उघडले की चार झाकणं एका बाजूला पडतात. आणि लिहायला पेन्सिल वापरा. बॉलपेनची शाई फॉर्मलिनच्या एका ओघळात जाते.